स्वतंत्र मत कसं द्यावं

अमेरिकेतल्या फौजदारी खटल्यात तज्ज्ञ साक्षीदार म्हणून उभं राहायचंय ना? मग दोन शब्द घोटून पाठ करा: 'स्वतंत्र मत'. प्रयोगशाळेत त्या दिवशी पाऊलही टाकलं नसेल तरी बिघडत नाही.

साधा साक्षीदार 'शेजारीण म्हणाली, यानंच केलं' एवढं बोलला, की बचावाचा वकील ताडकन उठतो. ऐकीव गोष्ट! तुमचं तसं नाही. तिथल्या फेडरल पुरावा नियमांतला ७०३ वा नियम सांगतो, की तुमच्या क्षेत्रातले लोक ज्या माहितीवर एरवी भरवसा ठेवतात, तिच्यावरून तुम्ही मत बनवू शकता, मग ती माहिती स्वतः पुराव्यात चालणारी नसली तरी. ती ज्युरीला सांगायला त्याच नियमात आडकाठी आहे म्हणे. तिथवर वाचू नका.

टोळ्यांचे तज्ज्ञ असलेल्या पोलिसांनी तर खूप दिवस मजा केली. आरोपी कधी कुणासोबत फिरत होता, हे दुसऱ्याच शिपायानं कार्डावर खरडलेलं. हे ते तोंडपाठ म्हणायचे आणि त्यावर मत द्यायचे. २०१६ साली सँचेझ खटल्यात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं या रंगाचा बेरंग केला. हिऱ्याचं चिन्ह अमुक टोळीचं, हे तज्ज्ञानं खुशाल सांगावं. पण या माणसाच्या दंडावर हिरा गोंदलाय, हे ज्यानं पाहिलं त्यानं सांगावं, नाहीतर फोटो दाखवावा. किती ही कटकट!

तरी निराश होऊ नका. आदर्श ठेवायचा तर ॲरिझोनातल्या स्मिथ खटल्याचा. अमली पदार्थ तपासले एकीनं, टिपणं काढली तिनंच, अहवालावर सही तिची. खटला उभा राहीपर्यंत ती नोकरी सोडून गेली. मग दुसरे तज्ज्ञ आयत्या बिळात शिरले. तिनं ठरलेल्या पद्धतीनंच काम केलं, भेसळ टाळायला आधी कोरी, म्हणजे नमुन्याशिवायची, चाचणीही घेतली, असं त्यांनी ज्युरीला सांगितलं. कशावरून? टिपणांवरून. आणि शेवटी 'स्वतंत्र मत' दिलं. ते तिच्या मताशी तंतोतंत जुळलं, याचं नवल कुणी करू नये.

उलटतपासणीत वकिलानं विचारलं, 'कोरी चाचणी खरंच घेतली होती का?' तर वहीकडे बोट दाखवायचं. वहीची उलटतपासणी घेता येत नाही, हीच तर तिची खुबी.

पण घटनेची सहावी दुरुस्ती आडवी येते: आरोपीला आपल्याविरुद्धच्या साक्षीदाराला समोरासमोर प्रश्न विचारता आले पाहिजेत. २००९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात प्रयोगशाळेच्या नुसत्या दाखल्यावर काम भागेना. २०११ मध्ये बदली तज्ज्ञही चालेना. तेव्हा पळवाट निघाली, की टिपणं खरी म्हणून नव्हे, फक्त मताचा आधार म्हणून सांगतोय. २०२४ च्या जूनमध्ये तिथल्याच न्यायमूर्ती एलेना केगन यांनी स्मिथच्या निकालात तीही बुजवली: टिपणं खरी असतील तरच मताला आधार मिळतो, मग ती खरी म्हणूनच सांगितली ना?

एक फट मात्र उरली. ती टिपणं मुळात खटल्यासाठी लिहिली होती की नाही, याचा निर्णय खालच्या न्यायालयावर सोडला गेला; तशी नसतील, तर समोरासमोर प्रश्न विचारायचा हक्क लागूच होत नाही. म्हणून आजच वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या: 'फक्त माझ्या आठवणीसाठी'. अक्षर मात्र टिपणं लिहिणारीचंच हवं, आणि ती तर केव्हाच गेली.