५०० मागितले, २१४ मिळाले

मायएसक्यूएल नावाचा जो डेटाबेस आहे त्याला बोलायची हौस अजिबात नाही. एकाच वेळी जोडून बसलेल्यांची, म्हणजे कनेक्शन्सची, जागा संपली की एवढंच म्हणतो, एरर १०४०, टू मेनी कनेक्शन्स. बास. पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस निदान आधी 'फेटल' म्हणून घाबरवतो आणि लगेच 'सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी' म्हणतो, म्हणजे दार लावलं तरी गोड बोलून लावलं एवढं समाधान. आमच्या नशिबी मायएसक्यूएल, आणि तोही ५.७, ज्याचा सपोर्ट ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला, पण "दिवाळी झाली की अपग्रेड करू" या एका वाक्यावर तो आमच्याकडे अजून जगतोय. कुठली दिवाळी ते कोणी कधी सांगितलेलं नाही.

आणि दिवाळी हेच तर आमचं दुखणं. क्लायंट म्हणजे फराळवाले काका. चकली, शेव, चिवडा, अनारसे, करंज्या सगळं डब्यात भरून अमेरिका, इंग्लंड, दुबई, जिथे म्हणून मराठी माणूस गेलाय तिथे कुरियरने धाडतात. वर्षभर त्यांच्या साइटवर चार टाळकी येतात, त्यातला एक गूगलचा बॉट. दिवाळी तीनेक आठवड्यांवर आली की मात्र जी झुंबड उडते ती विचारू नका, आणि ती उडते आपल्या सकाळी. कारण न्यू जर्सीवाले पोरांना झोपवून रात्री दहाला लॅपटॉप उघडतात तेव्हा इथे सकाळचे साडेसात झालेले असतात, आपला चहा गॅसवर असतो आणि तेवढ्यात काकांचा फोन.

"अहो, साइट उघडत नाहीये. जावयाच्या मित्राने सांगितलं. नुसतं गोल गोल फिरतंय म्हणे."

"बघतो काका. कनेक्शन्स फुल झालीयेत."

"मग वाढवून घ्या की! पैसे किती लागतील ते सांगा फक्त."

इथेच सगळी गोची आहे. कनेक्शन्स फुल असं कानावर पडलं की माणसाच्या तोंडून पुढचा शब्द 'वाढवा' हाच निघतो, मग तो फराळवाला असो, मॅनेजर असो, नाहीतर सर्व्हरच्या खोलीत केस पिकलेला ऍडमिन असो.

आता वाढवायचं तरी आधी आत शिरायला पाहिजे. मायएसक्यूएलची मर्यादा मुळात १५१ असते (सरळ १५० का नाही, देव जाणे), आणि तो शहाणा त्यावर एक जागा राखून ठेवतो, १५२ वी, ऍडमिनसाठी, म्हणजे सगळं तुंबलं तरी घरचा माणूस आत येऊन साफसफाई करू शकेल. किती विचार केलाय बघा. फक्त ही राखीव जागा ज्याला सुपर परमिशन आहे त्याला मिळते आणि आमच्याकडे कोणे एके काळी कोणीतरी "परमिशनची कटकट नको" म्हणून ऍपच्या, म्हणजे साइट चालवणाऱ्या आमच्या प्रोग्रॅमच्या, युजरलाच सगळे अधिकार बहाल करून ठेवलेले. त्यामुळे १५२ व्या जागेवरही ऍपच ऐसपैस बसलेलं आणि घरचा माणूस म्हणजे मी बाहेर उभा. नव्या आवृत्तीत, ८.०.१४ पासून, ऍडमिनसाठी ३३०६२ नंबरचं वेगळं पोर्ट, म्हणजे मागचं दार, उघडून ठेवता येतं, असल्या वेळेला तिथून शिरता येतं. पण आमचा ५.७. मग उरतो तो आदिम उपाय, वरचा बाण दाबून लॉगिनची तीच कमांड परत आणा, एंटर मारा, वरचा बाण, एंटर, कोणीतरी एक जण उठेल आणि त्या क्षणी आपण घुसू या आशेवर. चहा उतू जाऊन गॅस विझला तेव्हा घुसलो.

तोपर्यंत ग्रुपवर ठरलेलं की मर्यादा ५०० करायची. ठरवलं कोणी ते माहीत नाही, ५०० हा आकडा कुठून आला तेही माहीत नाही, गोल आहे एवढंच. कॉन्फिग फाइलमध्ये ५०० लिहिलं, डेटाबेस रीस्टार्ट केला, साइट धडाधड चालायला लागली, ग्रुपवर अंगठे आले, एकाने हात जोडलेला इमोजी टाकला. दहा मिनिटांत परत १०४०.

असं कसं, म्हणून मर्यादा किती आहे ते डेटाबेसलाच विचारलं तर म्हणतो २१४.

फाइल उघडून बघितली, ५००. परत विचारलं, २१४. दुसऱ्या कोणाला बघायला लावलं, त्यालाही २१४. जो आकडा कोणी लिहिला नाही, कोणी मागितला नाही, तो आला कुठून? याचं उत्तर एरर लॉगमध्ये एका निमूट ओळीत असतं जी वाचायची कोणालाही सवय नसते, की बाबा तू ५०० मागितलेस पण मी २१४ केलेत. हिशोब असा आहे. लिनक्सवर एका प्रोसेसला किती फाइली उघडता येतील याला मर्यादा असते, आमच्या मशीनवर ती होती १०२४. मायएसक्यूएल त्यातून १० स्वतःच्या किरकोळ खर्चाला काढतो, टेबलांसाठी कमीत कमी ४०० धरतो आणि त्याचे दुप्पट म्हणजे ८०० बाजूला ठेवतो. १०२४ वजा १० वजा ८००. राहिले २१४. घ्या. त्याचं काही चुकलं नव्हतं हो, खिशात जेवढे होते तेवढ्यातच त्याने संसार मांडला, फक्त ते जरा मोठ्याने सांगायला काय होत होतं!

मग ती फायलींची मर्यादा वाढवा. आमच्या डेव्हऑप्सवाल्या पोराने कॉन्फिडन्समध्ये लिमिट्सची फाइल एडिट केली, रीस्टार्ट मारला, २१४. कारण सिस्टीमडीने, म्हणजे लिनक्सवर सर्व्हिसेस सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमने, सुरू केलेली सर्व्हिस त्या फाइलकडे ढुंकून बघत नाही, तिला तिच्या स्वतःच्या युनिट फाइलमध्ये वेगळं सांगावं लागतं. ते सांगितलं, आणि डीमन रीलोड करायला, म्हणजे ती फाइल सिस्टीमडीला परत वाचायला लावायला, विसरला, रीस्टार्ट मारला, २१४. पोरगा म्हणाला, "दादा, हा आकडा आता माझ्या स्वप्नात येणार." शेवटी एकदाचे ५०० आले. आमच्या दोघांच्या चेहऱ्यावर असा आनंद की ५०० कनेक्शन्स नाही, ५०० रुपये रस्त्यावर सापडलेत.

मधल्या काळात सर, म्हणजे आमचे मॅनेजर, हे काही गप्प बसले नव्हते. साइट स्लो आहे तर सर्व्हर वाढवा, साधी गोष्ट आहे, असं म्हणून त्यांनी ऍपचे आणखी दोन सर्व्हर चालू करायला लावले. आता इथे थोडं थांबून बेरीज करू. ऍपच्या प्रत्येक सर्व्हरवर कनेक्शन्सचा एक पूल, म्हणजे आधीच उघडून ठेवलेला साठा, असतो, तो सांभाळायला आमच्याकडे हिकारीसीपी नावाची लायब्ररी आहे, त्याच्या घरचा आकडा १० आहे पण आमच्याकडे कोणीतरी तो ५० केलेला. आणि हिकारीला वेगळं काही सांगितलं नाही तर तो काम असो नसो पन्नासच्या पन्नास उघडून बसतो. वर्षभर सर्व्हर दोन, म्हणजे १००, सुखात. दिवाळीसाठी चार केले, २००, मर्यादा १५१. सरांनी सहा केले, ३००, मर्यादा २१४. दुसरीतलं पोरही करेल ही बेरीज, पण पूलचा आकडा एका टीमच्या फायलीत, सर्व्हरचा आकडा दुसऱ्या टीमच्या फायलीत आणि मर्यादा तिसरीकडेच, तिन्ही एका कागदावर कधी आलेच नव्हते. म्हणजे मदत म्हणून जो येत होता तो प्रत्येक जण आल्या आल्या आणखी ५० जागा धरत होता.

पण आता ५०० होते. सहा पन्नासे ३००, आरामात बसतात. १०४० गायब झाला. साइट मात्र तशीच गोल गोल. फक्त एरर बदलली, आता डेटाबेसच्या ऐवजी हिकारी कुरकुरायला लागला की ३० सेकंद थांबलो, कनेक्शन मिळालं नाही.

"अरे पण ५०० आहेत ना?" सर म्हणाले. "मग १००० करू."

तेव्हा कुठे शो प्रोसेसलिस्ट नीट वाचायला बसलो. म्हणजे आत कोण कोण बसलंय आणि काय करतंय याची यादी. पहिली ओळ स्लीप. दुसरी स्लीप. तिसरी स्लीप. स्क्रोल करत गेलो, स्लीप, स्लीप, स्लीप, मध्येच एक बिचारी क्वेरी काम करताना दिसली की तिचं कौतुक वाटायचं. तीनशेपैकी खरोखर काम करत होत्या चार-पाच. एसटी डेपोत लागल्या लागल्या खिडकीतून रुमाल टाकून लोक सीट धरतात आणि मग खाली वडापाव खायला जातात ना, गाडी फुल दिसते आणि आत माणूस नसतो, तोच प्रकार. आपण म्हणतोय जास्त सीटची गाडी आणा. ती आणली की लोक जास्त रुमाल आणतात. आणि कंडक्टर म्हणाल तर मायएसक्यूएल इतका सोशिक की झोपलेल्या कनेक्शनला तो २८,८०० सेकंद हात लावत नाही. आठ तास! आम्हाला ऑफिसात दुपारी दहा मिनिटं डोळा लागला तर एचआरकडून मेल येते.

आता नुसतं स्लीप दिसलं म्हणून लगेच गुन्हेगार ठरत नाही, पूलमध्ये पडून असलेलं कनेक्शनही स्लीपच दिसतं. म्हणून उघड्या ट्रान्झॅक्शनचं (एकत्रच पूर्ण किंवा रद्द व्हायच्या कामांच्या गठ्ठ्याचं) टेबल त्याला जोडून बघितलं, तर यातल्या बहुतेकांनी ट्रान्झॅक्शन उघडलेलं आणि मग तसंच सोडून दिलेलं, कोणी चाळीस सेकंद, कोणी दीड मिनिट. म्हणजे हे आळशी नव्हते, कोणाची तरी वाट बघत होते. कोणाची? ऍपच्या सर्व्हरवर जाऊन थ्रेड डंप काढला, म्हणजे ऍपचं कुठलं काम कोडच्या कुठल्या ओळीवर अडलंय त्याची यादी. सगळे थ्रेड एकाच ओळीवर उभे, सॉकेट रीड, म्हणजे नेटवर्कवरून उत्तराची वाट, आणि त्याच्या जरा खाली बघितलं तर कुरियरचा दर.

झालं असं होतं की गिऱ्हाईकाने 'ऑर्डर करा' दाबलं की आमचा कोड डेटाबेसशी कनेक्शन घ्यायचा, ट्रान्झॅक्शन उघडायचा, ऑर्डर लिहायचा, आणि मग ते कनेक्शन हातात घट्ट धरून कुरियर कंपनीच्या सर्व्हरला विचारायचा की इतके किलो अमुक झिपकोडला पाठवायचे तर किती घेणार. वर्षभर उत्तर झटक्यात यायचं. दिवाळीत त्या कंपनीकडेही झुंबड, उत्तर यायला मिनिट लागायचं, आणि आमच्या कोडमध्ये टाइमआउट (किती वेळ थांबायचं याची मर्यादा) नावाची गोष्टच नव्हती, तो भल्या माणसासारखा थांबायचा. लिहिणारा केव्हाच बेंगळुरूला मोठ्या पॅकेजवर गेलेला, जाताना पार्टीही दिलेली, त्यामुळे त्याला शिव्या घालायलाही जीव होईना.

म्हणजे डेटाबेस सकाळपासून जवळजवळ रिकामाच बसून होता, आणि आम्ही त्यालाच दोनचारदा बंद-चालू करून वरून ऐकवत होतो.

उपाय अगदीच साधा निघाला, इतका की सांगताना लाज वाटावी. दर विचारायचं काम ट्रान्झॅक्शनच्या आधी आणलं. तीन सेकंदांत उत्तर नाही आलं तर सरळ ठोक दर लावायचा. आणि पूल ५० चा १५ केला. हा शेवटचा भाग पटवताना सगळ्यात जास्त घसा बसला. हिकारीवाल्यांनीच सांगून ठेवलेलं एक ढोबळ सूत्र आहे, डेटाबेसच्या मशीनचे कोअर गुणिले दोन अधिक डिस्क, आमचं मशीन आठ कोअरचं, डिस्क एक, म्हणजे १७. सतरा! ५०० साठी सकाळ घालवलेल्या माणसांना सतरा हा आकडा ऐकवून बघा एकदा. सर माझ्याकडे असे बघायला लागले की मी काकांच्या प्रतिस्पर्ध्याकडून पैसे खाल्लेत. आम्ही १७ वर अर्थातच आलो नाही, सहा सर्व्हर गुणिले १५ म्हणजे ९० वर तडजोड झाली. आता वर्गातल्या हुशार मुलांच्या लक्षात आलं असेल की ९० हे १५१ पेक्षा कमी असतात, म्हणजे मुळातली मर्यादाच पुरत होती, पण हा मुद्दा मीटिंगमध्ये काढू नये एवढी अक्कल नोकरीने दिलेली आहे. सरांनी क्लायंटला मेल लिहिली, त्यात मोठ्या अक्षरात 'कनेक्शन क्षमता १५१ वरून ५०० केली' असं लिहिलं आणि टीमचं अभिनंदन केलं. टाइमआउटचा उल्लेख 'इतर किरकोळ सुधारणा' मध्ये.

काकांनी मेल वाचली, खूष झाले, ५०० चांगला आकडा आहे म्हणाले. साइट पुढे दिवाळीपर्यंत एकदाही अडकली नाही.

मग भाऊबीज उलटल्यावर त्यांचा फोन आला.

"अहो, तो न्यू जर्सीचा माणूस आहे ना, बावीस किलो फराळ मागवलाय त्याने, आणि कुरियरचे पैसे पाच किलोचे कापलेत. असं कसं?"

ठोक दर पाच किलोच्या डब्याचा धरला होता, आणि तो काकांनीच सांगितला होता, पण हे सांगायची ती वेळ नव्हती.

"काका, त्या वेळी कुरियरवाल्यांचं उत्तर आलं नसणार. पण साइट चालू होती ना?"

"चालू होती म्हणून तर त्याने दोनदा मागवला!"