पाळी चुकायच्या आधीचे तीन महिने

पाळी चुकली, टेस्ट केली, मग डॉक्टर गाठले. गर्भारपणाच्या काळजीचा हा क्रम सगळ्यांच्या डोक्यात पक्का बसलाय आणि माझ्या मते तिथेच घोळ आहे. बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नळीपासून बनतो, ती नळी गर्भधारणेनंतर २८ दिवसांच्या आसपास मिटते. तेव्हा पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. आठव्या आठवड्यात पहिली तपासणी करून फोलिक अ‍ॅसिड सुरू केलं, तर ही नळी नीट न मिटण्याचं जे व्यंग टाळायला ते द्यायचं, त्याची वेळ टळून गेलेली असते. रोज ४०० मायक्रोग्रॅम, निदान एक महिना आधीपासून बाराव्या आठवड्यापर्यंत. आधीच्या बाळाला असा दोष असेल, मधुमेह असेल किंवा फिटची औषधं चालू असतील, तर डॉक्टर ५ मिलिग्रॅमची गोळी देतात. आणि हो, फिटची गोळी परस्पर बंद करू नका. व्हॅल्प्रोएट हे फिटचं औषध चालू असेल तर ते बदलायचं काम गर्भ राहण्याआधीच व्हायला हवं.

साखरेचंही तेच. बाळाचं हृदय पहिल्या आठ आठवड्यांतच घडतं, त्यामुळे मधुमेह असेल तर एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी, ६.५ टक्क्यांच्या खाली आणूनच प्रयत्न सुरू करावेत. १० च्या वर असेल तर तोवर गर्भनिरोधक वापरलेलं बरं.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते ब्लडप्रेशरच्या गोळीकडे. तिशीतल्या बाईला टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल लिहून देताना "मूल हवंय का?" हा प्रश्न विचारला जायलाच हवा. या गोळ्या बाळाच्या किडनीला इजा करतात, गर्भजल कमी होतं. लॅबेटॅलॉल, निफेडिपिन असे पर्याय आहेत, फक्त बदल वेळेत हवा.

थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घ्यायची, हे बहुतेकींना माहीत असतं. पण लोह-कॅल्शियमच्या गोळीत आणि तिच्यात चार तासांचं अंतर लागतं, नाहीतर ती नीट शोषलीच जात नाही. सुरुवातीचे महिने बाळ आईच्याच हार्मोनवर असतं. म्हणून टेस्ट पॉझिटिव्ह आली की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा. बहुधा डोस वाढवावा लागतो, बऱ्याचदा आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या.

प्रयत्न करूनही गर्भ राहत नसेल, तर डॉक्टरांकडे जाण्याआधी वय पस्तिशीच्या आत असेल तर वर्षभर वाट पाहा, पुढे असेल तर सहा महिनेच.

आणि नवरा? मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडेही काहीतरी दोष सापडतो. तरी बाईच्या गर्भनलिका आधी तपासायच्या आणि त्याची साधी वीर्यतपासणी शेवटी, हे मला अजिबात पटत नाही. तंबाखू, दारू तर आहेच, पण जिममध्ये घेतलेल्या टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनांनी शुक्राणू शून्यावरही येतात. तपासणीआधी दोन ते सात दिवस संबंध टाळायचे. रिपोर्ट खराब आला तर साधारण तीन महिन्यांनी पुन्हा करायचा, कारण नवे शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने जातात.