डिस्क जपा, कॉम्प्युटर आपोआप बंद पडेल

जुन्या कॉम्प्युटरला एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपांवर साठवणारी वेगवान डिस्क, बसवली की तो पळायला लागतो, हे सगळे सांगतात. त्याच्यामागोमाग नातेवाईकही पळत येतात, हे कोणी सांगत नाही.

आमच्याकडे आधी बटण दाबून चहा टाकायचा, तो पिऊन कप विसळायचे आणि मग विंडोज उघडली का ते बघायला जायचं, अशी पद्धत होती. लॅमिंग्टन रोडवरून २५० जीबीची एसएसडी आणली, जुनी हार्ड डिस्क फोटोंसाठी शेजारी तशीच ठेवली, आणि पातेल्यात पाणी ओतेपर्यंत स्क्रीन पासवर्ड मागायला लागली. घरात आनंदीआनंद. मग रविवारी मेहुणा आला.

आमचा मेहुणा वस्तू जपणारा माणूस. त्याच्या गाडीच्या सीटवरचं शोरूमचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही. टीव्हीचा रिमोट पिशवीत, पिशवीला रबरबँड. चांगल्या कपबश्यांचा सेट पाहुण्यांसाठी आहे आणि 'तुम्ही काय पाहुणे आहात का, घरचेच तुम्ही,' असं म्हणून तो आम्हाला दांडी तुटलेल्या कपातून चहा देतो.

"भावोजी, सेटिंग केलंत ना?"

"कसलं?"

"अहो, एसएसडी काय अशीच वापरताय?" हे त्याने अशा सुरात विचारलं, की मला उगाचच उघड्यावर ठेवलेल्या दुधासारखं अपराधी वाटलं.

त्याचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. एसएसडीतल्या चिपा म्हणजे फ्लॅश मेमरी, आणि तिच्यात लिहिलेल्यावर थेट पुन्हा लिहिता येत नाही. आधी खोडावं लागतं. त्यातही लिहायचं एकेक पान, पण खोडायचा तो अख्खा ब्लॉक, आणि प्रत्येक खोडणीला पेशी थोडी झिजते. म्हणून डिस्कच्या आतला कंट्रोलर एकाच जागी घासाघीस न करता लेखन सगळीकडे वाटून देतो. इतकं सगळं मेहुण्याला ठाऊक होतं. त्यातून त्याने निष्कर्ष काढला तो एवढाच, की डिस्कवर काही लिहूच द्यायचं नाही.

तो खुर्चीत बसला. हायबरनेशन, म्हणजे चालू काम एका फाइलमध्ये लिहून कॉम्प्युटर झोपवायची सोय, बंद केलं. पेजफाइल, म्हणजे मेमरी अपुरी पडली की विंडोज वापरते ती फाइल, जुन्या हार्ड डिस्कवर हलवली. टेंपरवारी फाइल्सही तिकडे. डाउनलोड तिकडे. ब्राउझरचा कॅश, म्हणजे पाहिलेल्या पानांचा साठा, तोसुद्धा तिकडे. फाइल्स लवकर सापडाव्यात म्हणून चालणारं सर्च इंडेक्सिंग बंद. मग 'ऑप्टिमाइझ ड्राइव्हज'ची खिडकी उघडली, तिथे 'आठवड्यातून एकदा, चालू' असं दिसलं आणि त्याने कपाळावर हात मारला.

"डीफ्रॅग! भावोजी, एसएसडीला डीफ्रॅग म्हणजे विष!" बंद.

डीफ्रॅग म्हणजे फाइलचे विखुरलेले तुकडे गोळा करून सलग मांडणं. आता खरी गोष्ट अशी, की समोर एसएसडी आहे हे विंडोजला कळतं आणि त्या वेळापत्रकात ती मुख्यतः ट्रिम करते. आपण फाइल पुसतो तेव्हा विंडोज आपल्या वहीतलं नाव खोडून मोकळी होते. डिस्कला त्याचा पत्ताच नसतो. ती बिचारी तो कचरा मौल्यवान समजून एका ब्लॉकमधून दुसऱ्यात वाहत बसते. 'ते फेकलं तरी चालेल' हा निरोप म्हणजे ट्रिम. विंडोज ७ आली २००९ मध्ये, तेव्हापासून ही सोय आहे. मेहुण्याने डिस्कच्या तब्येतीसाठी बंद केलं ते नेमकं हेच.

मग त्याने हुकूम टाइप करायची काळी खिडकी उघडून टाइप केलं: एफएसयूटिल बिहेवियर क्वेरी डिसेबलडिलीटनोटिफाय. उत्तर आलं, शून्य.

"शून्य! म्हणजे ट्रिम बंदच आहे तुमचं!"

प्रश्न असा होता: 'पुसल्याची वर्दी देऊ नकोस' हा हुकूम लागू आहे का? उत्तर: नाही. म्हणजे वर्दी जात होती, ट्रिम चालू होतं. लग्नाच्या बैठकीत मुलाकडचे म्हणतात ना, 'आमची काही ना नाही,' त्यातलाच प्रकार. पण मेहुण्याने शून्याचा एक केला आणि ट्रिमचे उरलेसुरले दोरही कापले. मग समाधानाने चहा मागितला. मी त्याला चांगल्या कपातून दिला, कारण मला तेव्हा काही कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून कॉम्प्युटर पुन्हा रमतगमत सुरू व्हायला लागला. हायबरनेशन गेलं की त्याच्याबरोबर फास्ट स्टार्टअपही जातं. विंडोज झटपट उघडायची ही सोय हायबरनेशनच्याच फाइलवर चालते. ब्राउझर उघडला की जुनी हार्ड डिस्क कण्हायला लागे. पेजफाइल तिच्यावर, कॅश तिच्यावर, डाउनलोड तिच्यावर. निवृत्तीनंतर परत कामावर बोलावलेल्या त्या डिस्कची घरघर हॉलपर्यंत ऐकू यायची. एसएसडी मात्र थंडगार, निवांत. आमची ही म्हणाली, "एवढे पैसे घालून आणलेली वस्तू नुसती बसून आहे. माहेरचं वळण." हे तीच म्हणाली म्हणून लिहितोय.

दिवाळीच्या सुटीत भाची होस्टेलवरून आली. दोन मिनिटं खुर्चीत बसून म्हणाली, "मामा, हे कोणी केलं?"

मी फक्त नातं सांगितलं.

तिने सांगितलं ते असं. हे सगळे उपाय एके काळी शहाणपणाचेच होते. २००७ च्या त्या छोट्या ईई पीसी लॅपटॉपमध्ये अवघी ४ जीबीची फ्लॅश असायची. तिथे अर्ध्या जीबीची हायबरनेशन फाइलसुद्धा घर अडवून बसायची. त्या काळातल्या विंडोज एक्सपीला ट्रिम हा शब्दच ठाऊक नव्हता. काळ गेला, सल्ले राहिले. पेजफाइलचं तर विंडोज ७ बनवणाऱ्यांनीच २००९ मध्ये लिहून ठेवलंय की तिच्यातून वाचणं लिहिण्याच्या साधारण चाळीसपट असतं आणि एसएसडीवर ठेवायला तिच्यापेक्षा योग्य फाइल क्वचितच सापडेल.

बोलता बोलता तिने सगळं पूर्वपदावर आणलं. मग खोका मागितला. त्यावरचा आकडा होता १५० टीबीडब्ल्यू, म्हणजे कंपनी १५० टेराबाइट, म्हणजे दीड लाख जीबी, लेखनाची हमी देते. "मामा, तू रोज वीस जीबी लिहिलंस तरी वीस वर्षं. आणि तू रोज काय लिहितोस? सोसायटीची पत्रं."

सोसायटीची पत्रं मी मनापासून लिहितो, पण ती वीस जीबी होत नाहीत, हे मान्य.

ही आनंदाची बातमी मी मेहुण्याला लगेच फोनवर कळवली. तो बराच वेळ गप्प होता.

"वीस वर्षं? आणि वॉरंटी किती?"

"पाच."

"म्हणजे पंधरा वर्षं विनावॉरंटी!" तो म्हणाला. "भावोजी, कशालाही हात लावू नका. मी रविवारी येतो."