घरात बंदूक आहे का, हे डॉक्टरांनी विचारायचं नाही म्हणे!

परवा भावजयीचा मेसेज आला. "ताई, डॉक्टरांच्या फॉर्मवर घरात बंदूक आहे का असं विचारलंय. 'नाही' लिहून टाकते, चालेल ना?" आणि खाली हातभर लांब फॉरवर्ड. भाऊ-भावजय अमेरिकेत असतात. 2020 च्या गोंधळात घाबरून पुष्कळांनी घेतलं, तसं भावानेही एक पिस्तूल घेऊन ठेवलंय. भाचा पंधरा वर्षांचा. गेले काही महिने तो धड बोलत नाही, जेवायलाही खोलीतून बाहेर येत नाही, आणि डॉक्टरांची भेट ठरलीय ती त्यासाठीच. (भावजयीला विचारूनच हे लिहितेय.) म्हणजे हा प्रश्न ज्या घरात विचारलाच पाहिजे, नेमकं त्याच घराला कोणीतरी खोटं बोलायचं शहाणपण शिकवून गेलं.

फॉरवर्ड मूळचं इंग्रजी. कोणीतरी ते घाईघाईत मराठीत ओढून आणलंय आणि तिकडच्या मराठी मंडळींच्या ग्रुपांवर ते जोरात फिरतंय. त्यातला मजकूर थोडक्यात असा: डॉक्टरांनी बंदुकीबद्दल विचारणं बेकायदा आहे. उत्तर दिलंत तर नाव सरकारी यादीत जातं, विम्याचा हप्ता वाढतो आणि एक दिवस पोलीस दारात उभे राहतात. बंदूकवाल्यांपेक्षा डॉक्टर नऊ हजार पट घातक असतात, तेव्हा त्यांनी आपल्या पायरीने राहावं. ज्याला जीव द्यायचाय तो कसाही देतोच, बंदूक कुलपात ठेवून काय होणार? घरात बंदूक असली की बायकामुलं सुरक्षित. सबब, फॉर्मवर 'नाही' लिहा आणि हे दहा जणांना पाठवा.

आधी तो नऊ हजारांचा विनोद उरकून टाकू. हो, विनोदच. वीसेक वर्षं तरी ईमेलमधून फिरतोय, आता त्याला कोणीतरी माहितीचा सदरा चढवलाय. हिशेब असा: अमेरिकेत डॉक्टर सात लाख, त्यांच्यामुळे वर्षाला अपघाती मृत्यू 1 लाख 20 हजार. बंदूकवाले आठ कोटी, अपघाती मृत्यू 1500. करा भागाकार. आता यातून काय गाळलंय ते बघा. बंदुकीच्या बाजूला फक्त चुकून सुटलेल्या गोळ्या धरल्यात. 2023 मध्ये अमेरिकेत बंदुकीने 46,728 माणसं गेली. त्यात 27,300 आत्महत्या आणि 17,927 खून. या दोन्ही रकान्यांवर बोळा फिरवला की बंदूक गरीब गायच दिसणार. डॉक्टरांच्या बाजूला मात्र मुळात आजारी म्हणून त्यांच्याकडे गेलेली माणसं.

उपचारातल्या चुकांनी माणसं दगावतात, हे मान्य. 2016 मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात वर्षाला अडीच लाखांचा अंदाज छापून आला होता. त्यावर टीकाही भरपूर झाली, पण घटकाभर खरा धरू. त्यातून इस्पितळांनी चुका कमी कराव्यात एवढंच निघतं. पोराच्या खोलीपासून दहा पावलांवरच्या पिस्तुलाबद्दल डॉक्टरांनी विचारू नये, हे त्यातून कसं निघतं ते मला कोणीतरी समजावून सांगा.

आणि ते 'आपल्या पायरीने राहा'सुद्धा उसनं आहे. 7 नोव्हेंबर 2018 ला नॅशनल रायफल असोसिएशन या बंदूकवाल्यांच्या संघटनेने ट्विट केलं होतं, की या बंदूकविरोधी डॉक्टरांना कोणीतरी सांगा, आपली लेन सोडू नका. निमित्त होतं अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने बंदुकीच्या इजा आणि मृत्यू कमी करण्याबद्दल मांडलेल्या भूमिकेचं. त्याच रात्री कॅलिफोर्नियात थाउजंड ओक्सच्या एका बारमध्ये गोळीबार होऊन बारा जणांचा बळी गेला. मग देशभरच्या डॉक्टरांनी रक्ताने माखलेल्या कपड्यांचे, जमिनीचे फोटो टाकायला सुरुवात केली, की हीच आमची लेन. त्यात पुढे होते जोसेफ सकरान, जॉन्स हॉपकिन्स इस्पितळातले ट्रॉमा सर्जन, म्हणजे गंभीर जखमींवर शस्त्रक्रिया करणारे. 1994 मध्ये, सतरा वर्षांचे असताना, फुटबॉलच्या सामन्यानंतर भलत्याच कोणाच्या भांडणातली गोळी त्यांच्या गळ्यात घुसली होती. या माणसाला लेन शिकवायला जायचं म्हणजे कमालच आहे.

कायद्याचं म्हणाल तर फ्लोरिडाने 2011 मध्ये असा कायदा खरंच केला होता. कारण नसताना बंदुकीबद्दल विचारलं की दहा हजार डॉलरपर्यंत दंड, शिवाय डॉक्टरकीच्या परवान्यावर गदा. डॉक्टर कोर्टात गेले, आणि फेब्रुवारी 2017 मध्ये अकराव्या सर्किटच्या केंद्रीय अपील कोर्टाने, पूर्ण पीठ बसवून, विचारायची आणि नोंदवायची बंदी घटनाबाह्य ठरवली. फॉरवर्डवाले अजून त्या मेलेल्या कायद्याचा वाढदिवस करतायत. एक गोष्ट मात्र नाइलाजाने कबूल करायला हवी. तो कायदा आला त्यामागे ओकाला गावातला एक प्रसंग होता. एका आईने हे उत्तर द्यायला नकार दिला, तर मुलांच्या डॉक्टरने तिला दुसरा डॉक्टर शोधायला सांगितलं. हे चुकलंच. काही डॉक्टर बंदुकीबद्दल काही माहिती नसताना वरच्या पट्टीत प्रवचन देतात, तेही मी नाकारत नाही. तुम्हाला उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नका, तो तुमचा हक्क आहे. पण उत्तर न देणं निराळं आणि 'नाही' म्हणून खोटं लिहिणं निराळं.

विमा: बंदूक आहे म्हणून आरोग्यविम्याचा हप्ता वाढवायला 2010 च्या ओबामाकेअर कायद्यातच मनाई आहे. यादी: बंदूकमालकांची देशव्यापी यादी करायला केंद्र सरकारला 1986 च्या कायद्याने बंदी आहे. पोलीस: मेरीलँडसारख्या काही राज्यांत डॉक्टर एखाद्याची बंदूक तात्पुरती काढून घ्यावी म्हणून कोर्टाकडे अर्ज करू शकतात, एवढं अर्धसत्य यात आहे. पण त्यासाठी तो माणूस स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर उठलाय असं दाखवावं लागतं आणि निर्णय न्यायाधीश देतात. फॉर्मवर 'हो' लिहिलं म्हणून कोणी येत नाही.

आता तो मुद्दा, ज्याच्यासाठी मी एवढं टंकत बसलेय. 'ज्याला जीव द्यायचाय तो कसाही देतोच.' ऐकायला मोठं अनुभवी वाक्य. भल्याभल्या शिकलेल्या माणसांनी त्यावर माना डोलवलेल्या मी पाहिल्यात. ते साफ खोटं आहे, आणि पंधरा वर्षांच्या गप्प पोराच्या आईला ते पाठवणं हा नुसता मूर्खपणा नाही, त्यात कोणाचा तरी जीव जाऊ शकतो.

कॅलिफोर्नियात कायदेशीररीत्या घेतलेल्या प्रत्येक पिस्तुलाची राज्याकडे नोंद होते. स्टॅनफर्डचे डेव्हिड स्टडर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या नोंदी मृत्यूच्या नोंदींशी जुळवून पाहिल्या. थोडेथोडके नाहीत, 2 कोटी 63 लाख प्रौढ, 2004 ते 2016. हा अभ्यास 2020 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. पिस्तूल घेतलेल्या पुरुषांत आत्महत्येचं प्रमाण न घेतलेल्यांच्या तिपटीहून जास्त निघालं, बायकांत सातपटीहून जास्त. यावर फॉरवर्डवाले म्हणणार, ती माणसं मुळातच निराश असतील. ठीक आहे, मग इतर मार्गांनी केलेल्या आत्महत्याही त्यांच्यात जास्त दिसायला हव्या होत्या. तशा दिसल्या नाहीत. वाढ झाली ती बंदुकीच्या आत्महत्यांतच.

बरं, जीव द्यायला म्हणूनच पिस्तूल घेतलं असेल? काहींनी घेतलं, पहिल्या महिन्यात धोका सगळ्यात जास्त दिसतो तो त्यामुळेच. पण पिस्तूल घेतलेल्यांच्या बंदुकीने झालेल्या आत्महत्यांपैकी निम्म्याहून जास्त घटना खरेदीनंतर वर्ष उलटून गेल्यावरच्या आहेत. म्हणजे कधीतरी चोरांच्या भीतीने आणलं, कपाटात पडून राहिलं, आणि घरातल्या कोणाच्या तरी आयुष्यात वाईट आठवडा आला तेव्हा ते हाताशी होतं.

आठवडा तरी कशाला म्हणायचं? ह्यूस्टनमध्ये आत्महत्येच्या प्रयत्नात मरता मरता वाचलेल्या तरुणांना विचारलं होतं, की ठरवल्यापासून प्रत्यक्ष करेपर्यंत किती वेळ गेला. दर चारांपैकी जवळजवळ एकाने सांगितलं, पाच मिनिटांपेक्षा कमी. ही पाच मिनिटं निघून गेली पाहिजेत, सगळं त्यावर आहे. बंदुकीने केलेल्या दहा प्रयत्नांत जवळपास नऊ जण जातात. औषधांच्या गोळ्या घेणाऱ्यांतले बहुतेक वाचतात. आणि एकदा वाचलेल्यांपैकी दहातले नऊ पुढे आत्महत्येने मरत नाहीत. काहीजण दुसरा मार्ग शोधतात, हे खरं. पण 'कसाही देतोच' हे त्यातून ठरत नाही. (अमेरिकेत असाल तर 988 हा आत्महत्येचे विचार येणाऱ्यांसाठीच्या मदतीचा नंबर घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या. कॉलही करता येतो, मेसेजही.)

मुलांच्या डॉक्टरांनाच हा प्रश्न का पडतो, याचंही उत्तर देते. अमेरिकेत 1 ते 19 वयाच्या मुलांच्या मृत्यूच्या कारणांत 2020 मध्ये बंदुकीने मोटार अपघातांना मागे टाकलं आणि पहिला क्रमांक घेतला. आणि मुलाने स्वतःवर झाडलेली बंदूक बहुतेक वेळा घरातलीच असते. कारच्या सीटबेल्टबद्दल, पोहण्याच्या तलावाभोवतीच्या कुंपणाबद्दल तेच डॉक्टर विचारतात तेव्हा कोणाच्या स्वातंत्र्यावर घाला पडत नाही.

'हो' लिहिल्यावर होतं काय? डॉक्टर विचारतात, कुलपात असते का? भरलेली की रिकामी? गोळ्या कुठे ठेवता? किल्ली कोणाकडे? हेच प्रश्न मी फोनवर भावाला विचारले. म्हणाला, छोटी तिजोरी आहे, चार आकडी कोड आहे. कोड काय, तर भाच्याची जन्मतारीख! शिकलेला माणूस, इंजिनिअर. "त्याला माहीतच नाही तिजोरी कुठे आहे ते," हे वर. ॲलाबामात आईबापांना आणि मुलांना वेगवेगळं बसवून हेच विचारलं होतं. 'मुलाला जागा माहीत नाही' असं ठासून सांगणाऱ्यांच्या मुलांपैकी दर पाचांत जवळजवळ दोघांना जागा माहीत होती.

कित्येक दवाखाने केबल लॉक फुकट देतात. साधी प्लास्टिकच्या वेष्टनातली तार असते. ती गोळी बसायच्या जागेतून ओवून बाहेर काढायची आणि कुलूप घालायचं, की पिस्तूल भरताच येत नाही. नुसत्या उपदेशाने फारसा फरक पडत नाही, हेही संशोधनात दिसलंय. सल्ल्याबरोबर असं कुलूप हातात दिलं, तर लोक बंदूक नीट ठेवू लागतात. आणि पोराची अवस्था वाईट असेल तर डॉक्टर म्हणतात, काही दिवस ती घराबाहेरच ठेवा. यात बंदुकी हिसकावण्याचा कट कुठे दिसला?

डॉक्टरांचं काम दवाखान्यातल्या फॉर्मवर संपतही नाही. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये 1994 पासून गोळी लागून आलेल्या तरुणाच्या खाटेशी त्याच्याच वस्तीतला माणूस जाऊन बसतो, सूडाच्या गोष्टी चालू असतात तेव्हाच, त्याला त्यापासून मागे वळवायला. पुढे कित्येक इस्पितळांनी तो मार्ग धरला. फॉरवर्डवाल्यांना हे ठाऊक असायचं कारण नाही.

राहता राहिलं बायकामुलांचं संरक्षण. त्याच स्टडर्टच्या चमूने 2022 मध्ये पुढचा अभ्यास छापला. या वेळी स्वतःकडे पिस्तूल नसलेल्या, पण पिस्तूलवाल्याबरोबर एका घरात राहणाऱ्या माणसांचा. घरात पिस्तूल नसलेल्यांपेक्षा त्यांचे खून दुपटीहून जास्त. घरातच नवऱ्याच्या किंवा जोडीदाराच्या गोळीने मरण्याचं प्रमाण सातपट, आणि अशा बळींत बहुतेक बायका. अनोळखी घुसखोरापासून संरक्षण मिळाल्याचा ठोस पुरावा काही सापडला नाही.

आणि हे सगळं बंदूकद्वेष्ट्या डॉक्टरांचं खूळ आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी न्यू हॅम्पशायरकडे बघावं. 2009 मध्ये तिथे आठवड्याच्या आत तिघांनी एकाच दुकानातून बंदुका घेतल्या. एकमेकांशी काही संबंध नाही, आणि तिघांनीही काही तासांत जीव दिला. दुकानदार हादरला. तो राज्यातल्या आत्महत्या रोखणाऱ्या मंडळींबरोबर बसला आणि त्यातून बंदुकीच्या दुकानांसाठीच एक उपक्रम उभा राहिला: गिऱ्हाईक खचलेलं वाटलं तर विक्री कशी टाळावी, काउंटरवर कोणती पत्रकं ठेवावीत. बंदूक वापरणाऱ्यांना सुरक्षिततेचे दहा नियम शिकवतात, त्यांना या लोकांनी अकरावा जोडला. घरातल्या कोणाची मनःस्थिती ठीक नसेल, तर तो सावरेपर्यंत बंदूक घराबाहेर ठेवा.