बातांग आईच्या लाँगहाऊसमधल्या मुक्कामाबद्दल: तुमच्या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार,

मलेशियातल्या सारावाक राज्याच्या सहलीबद्दल तुम्ही मनापासून आणि सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देते आहे. कुचिंग शहर, बाकोचं जंगल, आमचे वाटाडे या सगळ्यांबद्दल तुम्ही चांगलं लिहिलंय. दोनच तारे दिलेत ते बातांग आई भागातल्या इबान जमातीच्या लाँगहाऊसमधल्या, म्हणजे एका लांब छपराखालच्या अनेक कुटुंबांच्या घरातल्या, मुक्कामामुळे. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ‘पारंपरिक लाँगहाऊस’ म्हणून नेलं आणि तिथे पत्र्याचं छप्पर, टीव्ही आणि जीन्स घातलेली मुलं होती. उघड्या ओसरीवर झोपायला लावलं. शाकाहारी जेवणात पाल्याशिवाय काही नव्हतं. रात्री बायका वस्तू विकायला मांडून बसल्या. पूर्वी शत्रूंची मुंडकी कापून आणायचे त्याविषयी विचारलं तर कुणी धड बोललं नाही. म्हणून मुक्कामाचे पैसे परत हवेत.

आधी पत्र्याचं बोलते. जुन्या घरांवर बेलियन नावाच्या अतिशय कठीण लाकडाच्या फळ्या किंवा पामची शाकारणी असायची. बेलियन आता मिळणं मुश्कील आणि मिळालं तर परवडत नाही. लाकडी लाँगहाऊसची सगळ्यात मोठी भीती आगीची. एका चुलीपासून पेट घेतला की एका छपराखालची सगळीच कुटुंबं एकदम बेघर होतात, आणि सारावाकमध्ये हे पुन्हा पुन्हा घडलं आहे. अशा वेळी लोक पत्रा आणि सिमेंट वापरतात. तो त्यांचा निर्णय आहे आणि शहाणपणाचा आहे. शिवाय ज्या जलाशयातून तुम्ही होडीने गेलात, तो काही निसर्गाने केलेला तलाव नाही. 108 मेगावॅटच्या बातांग आई धरणाचं ते पाणी. 1985 मध्ये धरण पूर्ण झालं आणि कित्येक लाँगहाऊस, त्यांची भातशेती, पूर्वजांच्या दफनभूमी पाण्याखाली गेल्या. धरणग्रस्तांना दुसरीकडे वसवण्यात आलं. ते लोक नव्या जागीही पुन्हा एका छपराखालीच राहतात. असं राहणारी माणसं परंपरा सोडून बसली आहेत, हे मला मान्य नाही.

कारण लाँगहाऊस म्हणजे मुळात राहण्याची रीत आहे. प्रत्येक कुटुंबाची स्वतःची खोली, म्हणजे बिलिक. तिच्यासमोर रुआई, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड जाणारी छपराखालची लांब ओसरी. त्यापुढे तांजू, उघडा माचा, जिथे भात आणि मिरी वाळत घालतात. घर केवढं हे विचारलं तर ‘इतक्या दारांचं’ असं उत्तर मिळतं. बिलिक ज्याची त्याची, बांधणी आणि डागडुजी ज्याच्या त्याच्या खर्चाने. ओसरीचा आपल्या दारासमोरचा तुकडाही त्या कुटुंबाचाच, पण तो कुणालाही भिंत घालून बंद करता येत नाही. पैसा आला तरी नाही. एका बिलिकमधलं कुणी वारलं की सगळं घर सुतक पाळतं. गाणं, वाद्य, नाच सगळं थांबतं. अशा वेळी आम्ही आमच्या पाहुण्यांचा मुक्काम रद्द करतो आणि पैसे परत देतो, हे आमच्या अटींमध्ये पहिल्या पानावर आहे.

ओसरीवर झोपण्याचा मुद्दा यातूनच येतो. पाहुण्याची जागा रुआईवरच असते. ज्या दारासमोर तुमची गादी आणि मच्छरदाणी होती, त्या घरचे तुम्ही त्या रात्री पाहुणे होतात. म्हणून तर त्या घरातली आजी तुमच्या शेजारी उशिरापर्यंत चटई विणत बसली होती. तुम्ही लिहिलंय, ‘एक म्हातारी सतत आमच्याकडे बघत बसली होती.’ ती राखण करत होती. पाहुण्याला परक्या घरात रात्री काही लागलं, भीती वाटली, तर आपल्या दारचं माणूस जागं असावं, म्हणून ती बसते. दर वेळी बसते. खासगी खोली, वातानुकूलन आणि बंद दार हवं असेल तर त्याच जलाशयाकाठी लाँगहाऊसच्या धर्तीवर बांधलेलं रिसॉर्ट आहे, आणि आमच्या माहितीपत्रात तो पर्याय दिलेला असतो. नाच, पोशाख, फुंकनळीची नेमबाजी हे सगळं ठरलेल्या वेळी, नीटनेटकं पाहायचं असेल तर कुचिंगजवळ सांतुबोंगच्या पायथ्याशी सारावाक कल्चरल व्हिलेज आहे. तिथे वेगवेगळ्या जमातींची घरं उभी केली आहेत आणि ती जागा खरोखर पाहण्यासारखी आहे. पण बातांग आईला माणसं राहतात. मुलं शाळेच्या वसतिगृहातून सुटीला येतात, संध्याकाळी टीव्ही लागतो, फुटबॉल असेल तर जरा मोठ्याने लागतो. पाहुणे येणार म्हणून टीव्ही झाका किंवा मुलांना पिसांचे मुकुट घाला, असं आम्ही सांगत नाही आणि सांगणारही नाही.

जेवणाबद्दल. सहलीआधी तुम्ही ‘पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही’ असं कळवलं होतं. इबान स्वयंपाकात बहुतेक भाज्यांना बेलाचान पडतं, म्हणजे बारीक कोळंबी आंबवून केलेला गोळा. तुमच्यासाठी ते वगळून वेगळ्या भांड्यात रांधलं होतं. ज्याला तुम्ही पाला म्हणता त्यातली एक मिदिन, म्हणजे रानात उगवणाऱ्या नेच्याचे कोवळे, कुरकुरीत कोंब. ते त्याच दिवशी सकाळी खुडून आणले होते. दुसरी भाजी कसाव्याच्या पानांची, कुटून बांबूच्या नळीत भरून निखाऱ्यावर शिजवलेली. याच पद्धतीने त्यांच्याकडे कोंबडी करतात आणि सणाला तीच असते. सोबत डोंगरउतारावरच्या शेतातला त्यांचा स्वतःचा भात. या घरांत डाळ आणि पनीर नसतं, आणि शहरातून नेऊन तिथे शिजवायला लावणं आम्हाला प्रशस्त वाटत नाही. तुआक, म्हणजे तांदळाची घरगुती दारू, तुम्ही नाकारलीत, त्यात काहीच गैर नव्हतं. पेल्याला बोट लावून परत केलं की मान राखला जातो, आणि तुम्ही ते छान केलंत असं आमच्या वाटाड्याने मुद्दाम सांगितलं.

आता विक्री. चटया, टोपल्या आणि पुआ कुंबू नावाची हातविणीची कापडं घेऊन बायका ओसरीवर ओळीने बसतात, ही तिथली नेहमीची पद्धत आहे. घ्यायलाच हवं असं कुणी म्हणत नाही. तुम्ही ‘एका शालीला एवढे पैसे’ असं लिहिलंत, म्हणून त्या शालीविषयी सांगते. पुआ हे इकतच, पण फक्त ताण्याचं. विणण्याआधी ताण्याचे धागे गाठी मारून बांधायचे, रंगवायचे, सोडायचे, पुन्हा बांधायचे. लाल रंग येतो एंगकुडूच्या मुळांपासून. आपल्याकडे ज्याला बारतोंडी म्हणतात तेच हे झाड. रंग धरावा म्हणून धाग्यांवर आधी जी प्रक्रिया करावी लागते ती पूर्वी मोजक्या जाणत्या बायकांनाच येत असे, आणि त्यांना समाजात योद्ध्याच्या बरोबरीचा मान होता. मग कंबरेला पट्टा लावून, जमिनीवर बसून, मागावर विणायचं. महिने जातात. तुम्ही ज्या पुआची किंमत निम्मी करून मागितलीत, तो विणणारी बाई समोर बसली होती. तिने काहीच न बोलता कापड घडी करून आत ठेवलं. त्याला तुम्ही ‘उद्धट वागणूक’ म्हटलंय. मी तसं म्हणू शकत नाही.

पैशांबद्दल तुम्ही रास्त प्रश्न विचारलात, की यातलं त्यांना काय मिळतं. होडीवाले, स्वयंपाक करणाऱ्या, नाचणारे या सगळ्यांचं मानधन वेगवेगळं ठरलेलं आहे आणि ते थेट त्यांच्या हातात जातं. ही कामं दारांच्या क्रमाने पाळीपाळीने फिरतात, म्हणजे एकाच घराकडे सगळं जात नाही. मुक्कामाची रक्कम तुआई रुमाहकडे, म्हणजे घराच्या प्रमुखाकडे, सगळ्यांसमोर दिली जाते आणि सामाईक निधीत जमा होते. तुमच्या मुक्कामाची रक्कम तुम्ही पोहोचलात त्याच दिवशी दिली गेली. ठरलेलं सगळं त्यांनी केलं आहे. त्यामुळे परतावा देता येणार नाही.

राहिला मुंडक्यांचा विषय. ‘हेडहंटरांसोबत (मुंडकी कापून आणणाऱ्यांसोबत) एक रात्र’ अशा जाहिराती इतर ठिकाणी असतात. आमच्या एकाही पत्रकात तो शब्द नाही. इबानांच्या इतिहासात शत्रूंची मुंडकी कापून आणण्याची प्रथा होती, हे कुणी लपवत नाही. ब्रूक या इंग्रज घराण्याच्या राजांनी 1841 पासून 1946 पर्यंत इथे राज्य केलं, त्यांनी त्यावर बंदी आणली, आणि त्याच राजांनी आपल्या मोहिमांमध्ये इबान लढवय्ये वापरून घेतले, हेही त्याच इतिहासात आहे. दुसऱ्या महायुद्धात जपानी अंमलाखाली ती प्रथा काही काळ पुन्हा उफाळली. काही घरांत जुन्या कवट्या अजून ओसरीच्या आढ्याला टांगलेल्या असतात. आज बरेच इबान ख्रिस्ती असले तरी त्या कवट्यांचे जे विधी करायचे ते वेळच्या वेळी केले जातात. पाहुण्याने जेवताना हसत विचारावं आणि घरच्याने रंगवून सांगावं, असा तो विषय त्यांच्यासाठी नाही. प्रमुखांनी तुम्हाला नम्रपणे ‘उद्या बोलू’ म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते तुमची वाट बघत बसले होते, तेव्हा तुम्ही धबधब्यावर जायला निघालात.

याच संदर्भात एक विनंती आहे, आणि बाकी कशापेक्षा मला ती महत्त्वाची वाटते. अभिप्रायासोबत तुम्ही दुपारी ओसरीवर उघड्या अंगाने झोपलेल्या एका आजोबांचा फोटो टाकलाय आणि खाली ‘शेवटचा हेडहंटर’ असं लिहिलंय. त्यांच्या खांद्यांवरची फुलं म्हणजे बुंगाई तेरुंग, वांग्याचं फूल. तरुण मुलगा घर सोडून बेजालाईला, म्हणजे जग बघायला आणि कमवायला निघतो, तेव्हा ते गोंदवतात. हे आजोबा शेजारच्या साबा राज्यातल्या लाकूडतोडीच्या छावण्यांत आणि नंतर ब्रुनेईच्या तेलक्षेत्रात राबले. त्यांचा जन्मच महायुद्धानंतरचा आहे. त्यांच्या नातीने तो फोटो आणि खालची ओळ पाहिली आणि आमच्या वाटाड्याला फोन केला. तारे दोनच राहू द्या, मजकूरही आहे तसा राहू द्या. तो फोटो मात्र कृपया आजच काढून टाका. काढलात की आमच्या कार्यालयात एक फोन करा, म्हणजे मी त्यांच्या घरी तसं कळवीन.

आपली,
संचालिका