वर्दी

फायर ब्रिगेडमध्ये 'वर्दी' म्हणजे गणवेश नव्हे, कॉल. वर्दी आली की गाडी सुटते. माझं मराठी बरं आहे असा माझा समज होता, पण हे मला शिकवलं सहा वर्षांच्या भाच्याने. तेव्हा त्याच्या डोक्यावर एक केस नव्हता.

त्याच्याकडे येतेच. आधी २९ एप्रिलचं. हा दिवस जागतिक इच्छा दिन म्हणून पाळतात. त्याचं मूळ १९८० सालच्या अ‍ॅरिझोनात आहे. फिनिक्समधल्या सात वर्षांच्या ख्रिस ग्रेशियसला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग होता आणि त्याला मोटरसायकलवरचा पोलीस व्हायचं होतं. राज्याच्या पोलिसांनी त्याला हेलिकॉप्टरने मुख्यालयात आणलं, शपथ दिली, त्याच्या मापाचा गणवेश शिवून घेतला. ही गोष्ट सगळे इथपर्यंतच सांगतात. मला आवडतो तो पुढचा भाग. ख्रिसला मोटरसायकल पथकाचा पंखांचा बिल्ला हवा होता. तो कुणी त्याच्या हातात तसाच ठेवला नाही. परीक्षा द्यावी लागेल म्हणाले. मग घरासमोर शंकू मांडले, आणि पोराने बॅटरीवरच्या छोट्या मोटरसायकलवरून ती परीक्षा दिली. पास झाला. बिल्ला मिळाला तो हॉस्पिटलमध्ये, खाटेजवळ टांगलेल्या गणवेशावर. ३ मेला तो गेला. त्या पोलिसांपैकी फ्रँक शँकविट्झ आणि इतरांनी मिळून पुढे आजारी मुलांच्या इच्छा पुरवणारी मेक-अ-विश संस्था काढली. ती १९९६पासून आपल्याकडे मुंबईतही आहे.

आपल्याकडचे फोटो तुम्ही पाहिले असतील. हैदराबादला २०१४मध्ये एका मुलाला एक दिवसाचा पोलीस आयुक्त केलं होतं, मुलुंडला २०१८मध्ये सात वर्षांच्या मुलाला इन्स्पेक्टर. पोरं खूश होती, मी नाक मुरडणार नाही. पण ती खुर्ची, ते सॅल्यूट आणि दहा कॅमेरे बघून माझ्या मनात येतं की दुसऱ्या दिवशी काय? लहान मुलांमधल्या ल्युकेमियाचे उपचार दोन-अडीच वर्षं चालतात हो! एका दिवसाचा साहेब उरलेल्या दिवसांत पुन्हा 'बिच्चारा' होतो.

आम्ही हे भोगलंय. एका कार्यक्रमात भाच्याचा सत्कार झाला. बहीण मास्क सावरत "फुलं नकोत, रक्तपेशींचे काउंट कमी आहेत" म्हणत होती, तरी हार गळ्यात पडलाच. संध्याकाळी नाव, आजार, टक्कल, सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर. विचारलं कुणी? छे!

आमच्या इमारतीत एक फायरमन राहतात. त्यांनी सत्कार वगैरे केला नाही, त्याला कामाला लावलं. काउंट जरा वर आले आणि डॉक्टर हो म्हणाले, तेव्हा त्याला ड्रिल बघायला नेलं. तिथे पाण्याच्या होजला हात लावायचा नाही, कारण प्लेटलेट कमी, साधं खरचटलं तरी रक्त थांबत नाही. म्हणून हातात स्टॉपवॉच दिलं. शिडी लावून माणूस वर पोचेपर्यंत वेळ मोजायची. याने मोजली, मास्क हनुवटीखाली ओढला आणि त्या धिप्पाड बाप्यांना म्हणाला, "दोन सेकंद जास्त. परत करा."

केलं त्यांनी परत. त्या उन्हात, पूर्ण किटमध्ये.

त्यानंतर रोज रात्री आठला फोन यायचा. "बोल, वर्दी आहे का?" आमचं पोर छाती काढून सांगायचं, "काका, वर्दी नाही, ताप नाही." एकदा मात्र आवाज बारीक होता. "वर्दी आहे काका. प्लेटलेट बारा हजार." दुसऱ्या दिवशी सकाळी रक्तपेढीच्या बाकावर चार जण बसले होते, रात्रपाळी करून आलेले, डोळे तांबारलेले. ज्याचं जुळलं तो मशीनवर तासभर पडून राहिला. ज्यांनी कधी हे केलं नाही त्यांच्यासाठी सांगते, प्लेटलेट फार दिवस साठवून ठेवता येत नाहीत. हलत्या ट्रेवर ठेवल्या तरी पाचच दिवस टिकतात. म्हणजे दाता दर वेळी नव्याने शोधायचा. परळला टाटा कॅन्सर हॉस्पिटलात देशभरातून आलेले आईबाप, ज्यांची इथे ओळखदेख नाही, ते कुणाला फोन लावत असतील?

म्हणून पोलीस आणि फायर ब्रिगेडमधल्या माझ्या मित्रांनो, खुर्ची द्या, टोपी द्या, हरकत नाही. पण दुसऱ्या दिवशी फोनही करा. आणि पोराला काहीतरी खरं काम द्या, ज्यात चुकण्याची सोय आहे. फोटो टाकायचाच असेल तर आधी आईला विचारा.

भाचा आता सातवीत आहे. केस मानेवर आलेत, कापायला तयार नाही. फायरमन व्हायचं खूळ कधीच गेलं, हल्ली यूट्यूबर व्हायचंय म्हणतो. काकांचा फोन अजून येतो, रोज नाही, रविवारी. परवा याने उचलला नाही, गेम चालू होता. बहिणीने त्याला असा काही झापला म्हणता!