पाय दक्षिणेला

मी अर्थशास्त्र शिकवतो. तासिका तत्त्वावर. म्हणजे जितके तास तितके पैसे, आणि पैसे कधी, तर येतील तेव्हा. मागच्या दिवाळीचे पैसे गुढीपाडवा उलटल्यावर खात्यात आले. मला वाटलं चुकून कोणी तरी टाकले.

यवतमाळ जिल्ह्यातल्या दोन तालुक्यांत माझी दोन कॉलेजं, मधे एस.टी.चा दीड तास. दोन खोल्यांचं भाडं परवडत नाही, आणि एकाच खोलीत राहावं तर शेवटची बस माझा शेवटचा तास संपायच्या आधी निघून जाते. अशा अडचणीत असताना उन्हाळ्यात मोबाइलवर परदेशातलं एक जोडपं दिसलं. गाडीतच राहणारं. त्यांच्या गाडीत ओव्हन होता, मांजर होती, खिडकीतून बर्फाचे डोंगर दिसत होते. मला खिडकीतून तूर दिसली तरी भागणार होतं.

६८ हजारांत ओम्नी घेतली. मॉडेल २०१० चं. कंपनीनं ओम्नी २०१९ मध्येच बंद केली, पण आमच्याकडच्या ओम्न्यांना ते अजून कोणी कळवलेलं नाही. घेतल्यावर कळलं की १५ वर्षांची नोंदणी याच डिसेंबरात संपते. वाढवायची तर ५ हजार फी, वर पर्यावरण कर, आणि तपासणीच्या दिवशी दिवे, ब्रेक, हॉर्न सगळं एकाच वेळी चालू पाहिजे. आधीचा मालक डॉक्टर. मागच्या काचेवरचं त्याचं लाल अधिकचं चिन्ह मी ब्लेडनं खरवडलं, तरी त्याची सावली राहिलीच. त्या सावलीनं पुढं काय केलं ते सांगतोच.

मागची सीट काढून घरी ठेवली (तपासणीच्या दिवशी पुन्हा बसवायला), तिथं प्लायवूड टाकलं आणि त्यावर कापसाची गादी. फोम स्वस्त मिळत होता, पण यवतमाळ जिल्ह्यात फोमवर झोपायचं तर गावात तोंड कुठं दाखवायचं?

पहिला प्रयोग आईच्या अंगणात केला. नवतपा सुरू झालेला. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, हे मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि त्यावर बसणं वेगळं. बाजारातून घरी येईस्तोवर खालून इंजिन, वरून पत्रा. गोवऱ्यांच्या विस्तवात रोडगे कसे दोन्ही बाजूंनी खरपूस होतात, ते त्या दिवशी रोडग्याच्या बाजूनं कळलं. रात्री अकराला पत्र्याला हात लावला तर चटका. आई म्हणाली, "आत वांगी ठेव, भरीत होईन."

पंख्याचा प्रश्न मात्र आमच्या जिल्ह्यानंच सोडवला. फवारणीच्या बॅटरीपंपात १२ व्होल्टची, ८ अँपिअर-अवरची बॅटरी असते. तिच्यावर १२ वॅटचा छोटा पंखा हिशोबानं आठ तास चालायला पाहिजे. प्रत्यक्षात पहाटे चारला गप्प होतो आणि डासांची शिफ्ट सुरू होते. त्याच पंपात १६ लिटर पाणी बसतं. पाठीवर पंप, हातात नळी, बारीक फवारा: अंघोळीचं पाणी निम्म्यावर आलं. पंप नवा कोरा घेतला, एवढं मुद्दाम सांगतो. जुना कितीही धुतला तरी अंगावर घ्यायचा नाही. २०१७ साली फवारणीच्या विषबाधेत आमच्या जिल्ह्यानं माणसं गमावलीत. त्यावर विनोद करवत नाही.

संडासाबद्दल एवढंच लिहितो की पेट्रोल पंपावर रोज ५० रुपयांचं पेट्रोल घेतलं की तुम्ही ग्राहक ठरता.

जुलैत कॉलेज सुरू झालं. दुसऱ्या कॉलेजच्या गावी पहिली रात्र. मारुतीच्या देवळामागं निंबाखाली गाडी लावली. रस्ता सोडून दोन फूट पुढं गेलो असतो तर काळ्या मातीनं चाकं दसऱ्यापर्यंत सोडली नसती. आत साडेपाच फूट जागा आणि मी पाच फूट नऊ इंच. तिरपा मावलो असतो, पण तिरप्या जागेत पाण्याचा जार आणि समग्रलक्षी अर्थशास्त्राचे दोन ठोकळे. शेवटी डिक्की उघडी ठेवली, पाय बाहेर काढले आणि बाबांचं जुनं पांढरं धोतर डोक्यावरून ओढून घेतलं. डासांसाठी.

जाग आली ती कुजबुजीनं.

"कोनाच्या घरचा व्हय गा?"

"बाहेरगावचा दिसते. डाक्टरची गाडी हाय ना."

"मंग इथं काऊन आनून टाकला?"

"पाय तं पाहा माय. दक्षिनेलेच हायेत."

मी धोतराखाली विचार करू लागलो. ताडकन उठावं तर यातलं कोणी तरी खरंच जायचं. पडून राहावं तर कुठवर? साडेआठला पहिला तास. वर्गात निवडीची समस्या शिकवताना मी नेहमी चहा आणि कॉफीचं उदाहरण देतो, आता बदलीन. एवढ्यात तळपायावर गार, ओलं काही तरी पडलं. मारुतीसाठी आणलेलं जास्वंदीचं फूल. मला गुदगुल्या फार होतात.

अंगठा हलला. कोणाची तरी कळशी खाली आपटली, "मायवं!" म्हणत सगळ्या देवळाच्या बाजूनं पळाल्या. फूल वाहणारी आजी तेवढी जागची हलली नाही. तिनं धोतर वर केलं आणि माझ्या तोंडाकडं नीट पाहिलं.

"जित्ता हाय व्हय? मंग चा पेशीन?"

चहा पिताना चौकशी झाली. "घर नाही काय रे तुले?" म्हटलं, आजी, हेच घर. "बायकोनं हाकललं?" म्हटलं, लग्नच नाही. "मंग कोनं हाकललं?" हाकलल्याशिवाय माणूस गाडीत झोपतो, हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही. मीही महागाई, भाडं, बस असं बरंच सांगितलं. तिनं एक पोळी जास्त वाढली.

दुपारपर्यंत गावभर झालं: मेलेला प्रोफेसर जिवंत झाला. वर्गात त्या दिवशी पूर्ण हजेरी होती. पोळ्याला आजीनं बैलांसोबत माझ्या ओम्नीलाही ओवाळलं. पुरणपोळी मात्र आधी बैलांना.

दिवाळीनंतर कापूस घरात आला. लांब धाग्याचा २०२५ चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये, आणि व्यापारी त्याच्या बराच खाली बोलत होता. आजी म्हणाली, थांबते. थांबायचं म्हणजे कापूस घरात ठेवायचा. खोली भरली, माळा भरला, पोरांच्या अंगाला खाज सुटली. एका संध्याकाळी आजी गाडीपाशी येऊन उभी राहिली.

"मास्तर, तुह्या गाडीत दोनक क्विंटल बसते काय?"

बसलं. नीट दाबून भरलं तर सव्वादोन.

सध्या मी आजीच्या ओसरीत खाटेवर झोपतो. पाय लांब करता येतात, पंखा घरच्या लायनीवर चालतो. पहिल्या कॉलेजला एस.टी.नं जातो, तिथला शेवटचा तास सोडून द्यावा लागतो. नोंदणीची तपासणी १२ डिसेंबरला आहे. आजीला तीनदा सांगून झालं. ती म्हणते, भाव वाढल्याबिगर गाडी हालत नाही.